गजूचा सरवा

मीनाचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर उभी होते. "ताई, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. ती माझी भावजय, आणि गेला तो माझा धाकटा भाऊ गजानन. आमचा गजू. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा शेवटी श्वासापर्यंत पोचला होता. बस आली, भरली, निघून गेली. मी तिथंच उभी राहिले.

गजू नागपुरात एका प्रयोगशाळेत सॉफ्टवेअर लिहायचा. रक्तातला डीएनए यंत्र सलग वाचत नाही, बारीक बारीक तुकड्यांत वाचतं. एकेका माणसाचे असे कोट्यवधी तुकडे. कुठला तुकडा कोणाचा हे न चुकता सांभाळायचं आणि मागितला की काढून द्यायचा, हे गजूच्या सॉफ्टवेअरचं काम. काही तुकडे मात्र ठरलेल्या नकाशात कुठंच बसत नाहीत. उगाच जागा अडते, पुसून टाका, असं बाकीच्यांचं म्हणणं. गजू हट्टाला पेटला. एकही तुकडा त्यानं पुसू दिला नाही आणि त्या कप्प्याचं नाव ठेवलं 'सरवा'. साहेब लोक हसले म्हणे. त्यांना काय ठाऊक! कापणीनंतर वावरात सांडलेलं कणीस-शेंग वेचतात, तो सरवा. धनजला, आमच्या गावी, आईनं दुसऱ्यांच्या वावरातला सरवा वेचूनच आम्हाला मोठं केलं.

"मशीनमंदी बी सरवा असते काय रे?" आईनं विचारलं होतं.

"असते ना. कामाचा दाना कदी कदी त्यातच सापडते."

आमचे बाबा ऐन उमेदीत पायांनी अधू झाले. गाव म्हणालं, वात. पायांमागोमाग गजूच्या हातूनही चहाचा कप निसटू लागला तेव्हा त्याला ते वाताचं पटेना. त्यानं स्वतःचं रक्त दिलं आणि स्वतःचेच तुकडे आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले. दोष काही सापडला नाही. मी चिडले. "दुनियेचं सांबाळून राह्यला, अन् तुयंच सापडून नाई राह्यलं!" तो हसला. म्हणाला, "आज नाई तं उद्या सापडन, ताई. पूर्वाले तरी समजन." पूर्वा त्याची मुलगी. हे दुखणं तिच्यात उतरलंय का, हा एकच घोर त्याला होता... देवाचा तेव्हा मला फार राग आला. अजून आहे.

तेरवी झाली. कपडे, अंथरूण, सगळं रिवाजाप्रमाणे देऊन टाकलं. मागच्या आठवड्यात त्याच्या हाताखालच्या मुलीचा प्रयोगशाळेतून फोन आला. माणूस गेला की त्याचे तुकडे ठेवायचे की पुसायचे, हे तिथं घरच्यांना विचारतात. मीना घाबरली. "पुसाच. उद्या पोरीच्या सोयरिकीत कोनी हे काढलं तं?" तिचं चुकलं असं मला म्हणवेना. सोयरीक जुळवताना लोक काय काय उकरतात, ते मी पाहिलंय.

भिंतीला टेकून बसलेली आई पुढे सरकली. "मीने, लोकाइले सांगू नोको. पन पुसू बी नोको. पोरीले उद्या इचारायले बाप नाई. थे तरी राहू दे."

मीना बराच वेळ रडली आणि मग फोनवर "ठेवा" म्हणाली. पलीकडची मुलगी घुटमळली. "मॅडम, नोंद करायला बसले, तर इथं 'मृत' असा पर्यायच नाही. सरांनी दोनच ठेवलेत. 'उत्तर सापडलं', नाहीतर 'शोध सुरू'. सरांचं काय करू?"

फोन मी घेतला.

"शोध सुरू," मी म्हटलं. "तेच राहू द्या."