नानांचा स्ट्रगल

सरकारी कागद काही वर्षांनी जाळून टाकायचे, असा नियम असतो. किश्शांना तो लागू नाही, म्हणून आमच्या उज्जैनच्या कचेरीतले अजून माझ्यापाशी पडून आहेत. बहुतेक हेडक्लार्क नानांचे. कुणालाही अर्ज करायचा असला की इंग्रजी मसुदा नानांचा, आणि दुसऱ्या ओळीत 'स्ट्रगल' हा शब्द ठरलेला. "याच्याशिवाय साहेब हलत नाही, भैया!"

*

स्वातंत्र्य मिळून महिनाही झाला नव्हता. चळवळीत तुरुंग पाहून आलेले आमचे पाटणकर भडकले.

"नाना, स्ट्रगल आम्ही केला! तुम्ही तो कॅज्युअल लीव्हसाठी वापरता?"

"तुमचं काम झालं ना? मग आता आम्हाला वापरू द्या!"

*

माझी खुर्ची मोडकी. नानांनी लिहिलं, 'अर्जदार सहा महिने खुर्चीशी स्ट्रगल करीत आहे.' साहेबांना पटेना. स्वतः येऊन बसले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना उठवलं. दुसऱ्याच दिवशी नवी खुर्ची आली!

*

जोशीला देवासच्या लग्नाला तीन दिवस हवे होते. साहेब म्हणाले, "देवास तो यहीं है। इसमें काहे का स्ट्रगल?"

"साहब, रास्ते में मेरा ससुराल पड़ता है!"

*

एकदा टावर चौकात चहा पिताना मी विचारलं, "नाना, या शब्दाचा नेमका अर्थ काय हो?"

"हातपाय मारणं."

"आणि मारूनही भागलं नाही तर?"

"तर अर्ज करायचा!"

*

मग आमचं मध्य भारत राज्य गेलं, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला. तिकडे पाठवायच्या माणसांची यादी निघाली. सहा नावं, त्यात नानांचं. नानांची बायको लकव्याने अंथरुणाला खिळलेली, मूलबाळ नाही. दिवसा माधव नगरातली शेजारीण डोकावून जाई, एवढाच आधार. आम्हाला फार वाईट वाटलं.

पाच जणांचे बदली रद्द करायचे अर्ज नानांनी नेहमीसारखे लिहून दिले. स्वतःचा मात्र हिंदीत, दोन ओळींचा. तो घेऊन साहेबांपुढे गेले तेव्हा मी फाइल धरून तिथेच उभा होतो.

साहेबांनी सहाही अर्ज समोर मांडले. "सबकी अर्ज़ी में स्ट्रगल है। आपकी में क्यों नहीं?"

"साहब, वो तो अर्ज़ी में लिखने की बात है। घर में तो बस उसे सुबह-शाम उठाकर बिठाना पड़ता है।"

"शाम को कितने बजे?"

"पाँच बजे, साहब।"

साहेबांनी यादीतलं नानांचं नाव खोडलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच झाले होते.

"तो अभी तक यहाँ क्यों खड़े हैं?"