आत्याचा उजवा हात

माझ्या धाकट्या आत्याइतकं स्थिर माणूस अख्ख्या माळव्यात दुसरं झालं नसेल. देवासची टेकडी एखाद वेळेस जराशी सरकली असेल, पण आत्या नाही. लग्न होऊन ती धारहून देवासला आली आणि पडवीतल्या वेताच्या खुर्चीत जी बसली, ती बसलीच. शाळेत ती भूगोल शिकवायची, तोही खुर्चीतून. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे ती इतक्या नाराजीनं सांगायची, की मुलांना त्यात पृथ्वीचीच चूक वाटायची. सकाळी फिरायला जाणारी माणसं दिसली की म्हणायची, "घरी कोणी विचारत नसेल बिचाऱ्यांना." कोपऱ्यावरून भाजी आणायलाही तिला ऑटो लागे. "बाईजी, इत्ते में तो आप पैदल पहुँच जातीं," असं एकदा ऑटोवाला बोलून गेला. "तो तूने रिक्शा काहे को लिया भिया? तू भी पैदल चल!"

साठी उलटल्यावर तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. इंदूरला ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. घर मुकं झालं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, तसे मूळचेच अबोल. ते तर मानेनंसुद्धा बोलेनासे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगे: आराम कर. आयुष्यात पहिल्यांदाच साऱ्या जगाचं आत्याशी एकमत झालं होतं. पण त्याचा आनंद तिला झालेला दिसला नाही. ती खुर्चीत बसे आणि उजवा हात पदराखाली अंगाशी धरून ठेवी, मांजराचं पिल्लू लपवून आणावं तसा. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगितली होती. "टाके उसवले तर ती येणार आहे का शिवायला?" म्हणून आत्यानं तो विषय संपवला. तिला भीती वाटत होती, हे आम्हां कोणालाच कळलं नाही. भीतीसुद्धा ती रुबाबात बाळगायची.

सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, आत्या निम्मी झाली. मग सिकाईची पाळी आली. आमच्याकडे रेडिएशनला सिकाईच म्हणतात. त्या दिवशी तिच्याबरोबर मी होतो. सिकाईच्या वेळी हात डोक्याच्या मागे नेऊन निजावं लागतं, आणि आत्याचा हात खांद्याच्या वर जाईना. ती व्यायामवाली मुलगी बाहेर आली. रागावली नाही. म्हणाली, "आंटी, हाथ ऊपर नहीं जाएगा तो मशीन सिकाई कैसे करेगी? पहले हाथ खोलना पड़ेगा."

"आणि नाही खुलला तर?" आत्या घाबरली की मराठीत बोलायची.

मुलीला भाषा नसेल कळली, चेहरा कळला. "रोज कीजिए, खुलेगा. दर्द से डरिए मत, ज़बरदस्ती भी मत कीजिए."

सिकाई पुढे ढकलली गेली. परतताना क्षिप्रेचा पूल आला. आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, बसून राहणं ही माझी मर्जी आहे रे. आज हात वर कर म्हटलं तर होईना. मग मर्जी कुठे राहिली?"

दुसऱ्या दिवशी ती भिंतीसमोर उभी राहिली. बोटं मुंगीसारखी वर वर न्यायची, जिथे थांबतील तिथे कुंकवाचा ठिपका लावायचा. भिंत आतोबांनी दिवाळीतच रंगवून घेतली होती. तरी तिच्या शेजारी उभे राहून तेही हात वर करत. तिचे डोळे भरून आले की यांचा हात आपोआप खाली येई. एकदा शेजारच्या वहिनी आल्या, ठिपक्यांची ती चढती ओळ पाहून त्यांनी घाईघाईनं चपला काढल्या आणि हात जोडले. "कुठली देवी बसवलीत?"

"बसवली नाही," आत्या म्हणाली, "उठवतेय."

देवी उठली. हात डोक्यामागे गेला, सिकाई सुरू झाली. मग थकवा असा आला, की पोळीचा घास मोडायचाही कंटाळा. पडून राहिलात तर थकवा वाढेल, झेपेल तेवढं चाला, असं डॉक्टर म्हणाले. मग आत्याच्या गल्लीनं कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. डोक्याला रुमाल बांधून आत्या चालते आहे, आणि तिच्या बाजूनं ऑटो हळूहळू. "बाईजी, बैठ जाओ, पैसे मत देना." आत्या धापा टाकत म्हणे, "तू निकल भिया, मेरे कू काम है."

उपचार संपले. तपासणीला मात्र इंदूरला जावं लागे. तिथल्या बाकावर कन्नौदची एक तरुण बाई तिला भेटली. हात पदराखाली, अंगाशी. आत्यानं तो लगेच ओळखला. "डॉक्टर ने मना तो नहीं किया?" असं विचारून तिनं तिला तिथल्याच भिंतीशी उभं केलं.

"बाईजी, इससे बीमारी ठीक हो जाएगी?"

खोटं बोलणं आत्याला कधी जमलं नाही. "वो डॉक्टर जाने. हाथ तो तेरा है, वो वापस ले ले."

पुढे दोघी फोनवर बोलत. आत्या तिला दामटायची, ती हसायची.

गेल्या हिवाळ्यात मी देवासला गेलो होतो, तेव्हा त्या बाईच्या नवऱ्याचा फोन आला. आत्यानं ऐकून घेतलं आणि फोन मांडीवर ठेवला. आजार परत आला होता, बाई गेली. "आखरी तक बच्ची की चोटी खुद गूँथती थी, बाईजी," असं तो सांगत होता म्हणे.

थोड्या वेळानं आत्या उठली, पायांत चपला सरकवल्या. "चल जरा."

आम्ही चालत राहिलो. शाळा सुटली होती. लाल रिबिनींच्या वेण्या घातलेल्या मुली घोळक्यानं आमच्या बाजूनं जात होत्या, आणि आत्या एकेकीकडे वळून बघत होती. ऊन उतरलं, वारा गार झाला. परत फिरूया का, म्हणून मी विचारलं.

"थोडं अजून," आत्या म्हणाली.