न उघडलेली पत्रं

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघणारे एक गृहस्थ होटगी गावाहून स्कूटरवर येतात. ऑफिसच्या मेलबॉक्समधून ऑर्डरी आपोआप काढून छापणारा प्रोग्राम त्यांनीच लिहिलाय. मेल उतरू लागले की स्क्रीनकडे बघत ते कानडीत मोजतात, "ओंदु, एरडु, मूरु... ये की, ये!" जणू रानातनं शेळ्याच घरी येतायत.

पहिल्या दिवशी प्रोग्राम झकास चालला, पण आमच्या मालकीणबाई, अक्का, भडकल्या. सगळे मेल आधीच वाचलेले दिसत होते. "माझी पत्रं माझ्याआधी कुणी फोडली?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "अक्कांचं बरोबर हाय," म्हणाले आणि डबा बाजूला सारून पुन्हा बसले. तेव्हापासून प्रोग्राम मजकूर उचलतो, पण मेल न वाचलेलाच राहतो.

गेल्या सोमवारी त्यांनी माझ्या हातात एक घडी केलेला कागद ठेवला. चारी बाजूंनी स्टेपलर मारलेला. "ऑर्डरींत हे बी छापून आलं. वर तुमच्या लेकीचं नाव दिसलं, तितंच घडी घातली."

माझा फोन बंद म्हणून तिनं ऑफिसच्या पत्त्यावर मेल टाकला होता. पिना उचकटताना माझं नख तुटलं. लेक सीएची परीक्षा पास झाली होती, तिसऱ्या खेपेला.

मी वर पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे होते.

"वाचून झालं?"

"झालं."

तरी ते वळले नाहीत. "चांगलं हाय न्हवं?"