फुटक्या गोळ्या

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची असताना आम्ही तिला गावाला पाठवली. पाठवली आई-बाबांनी, पण तो विषय घरात पहिल्यांदा मी काढला होता, म्हणून ‘आम्ही’ म्हणते.

तेव्हा आम्ही भांडुपला राहायचो. स्टेशनपासून वर टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर आमची चाळ होती. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होते. धाकटी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी आईनेही काम धरलं. जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात लहान मुलांच्या गोळ्या बनायच्या. साखरेचा पाक करायचा, त्यात रंग आणि इसेन्स घालायचा आणि साच्यात ओतायचा, एवढंच ते काम. आई पॅकिंगला होती. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या बोटांची पेरं केशरी झालेली असायची, आणि पदराला संत्र्याचा वास यायचा. खऱ्या संत्र्यालाही इतका वास मला कधी आला नाही.

ज्या गोळ्या फुटायच्या त्या बायकांनी घरी न्यायला शेठची ना नव्हती. आई रोज रुमालात त्यांची पुरचुंडी बांधून आणायची आणि पत्र्याच्या डब्यात ओतायची. दिवसभर पोरींपासून लांब राहिल्याचं तिला वाईट वाटत असणार. आल्या आल्या ती आधी धाकटीला मांडीवर घ्यायची आणि तिच्या तोंडात एक तुकडा घालायची. केशरी तिचे आवडते. मग चेहऱ्यावर पाणी मारायला जायची. चाळीतली पोरंही दारात उभी राहायची. आई त्यांनाही द्यायची. आमचं घर त्या मजल्यावर त्यामुळे मोठं लाडकं होतं.

धाकटीला नेमका त्रास कधी सुरू झाला, ते पुढे आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही. आधी अंगावर पित्त उठायला लागलं. पोटावर, मांड्यांवर लाल गांध्या यायच्या आणि ती रक्त येईपर्यंत खाजवायची. आई आमसुलाचं पाणी लावायची. ते झोंबायचं, म्हणून रडं थांबवायला पुन्हा एक गोळी. दवाखान्यातला कंपाउंडर बाटलीला कागदाची खूण चिकटवून लालभडक औषध भरून द्यायचा. ते गोड होतं, ती आवडीने प्यायची.

मग तिचं वागणं बिघडलं. एका जागी बसेना. जेवता जेवता उठून पळायची, भिंतीवर चढल्यासारखी खिडकीच्या गजांना लोंबकळायची, कोणी हात धरला की चावायची. झोप तर उडालीच होती. कधी कधी इतकी रडायची की शेवटी तिलाच आठवत नसे, रडायला सुरुवात कशाने झाली. आणि मग एखाद्या सकाळी अगदी शहाण्यासारखी माझ्या शेजारी येऊन बसायची आणि माझ्या वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत राहायची.

मी त्याच डब्यातल्या गोळ्या खात होते. मला काही झालं नाही, चाळीतल्या इतर पोरांनाही काही झालं नाही. त्यामुळे डब्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. कोणी दृष्ट काढून बघितली, कोणी जंताचं औषध सुचवलं. बालवाडीच्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं की मुलीला वळण नाही, आई दिवसभर बाहेर असली की असंच होतं. आई त्या दिवशी घरी आली ती स्टोव्हपाशी पाठ करून बसली.

मी दहावीला जाणार होते. एक दिवस शाळेतून आले तर धाकटीने माझी विज्ञानाची वही फाडून टाकलेली. आकृत्या काढायला मला महिना लागला होता. मी तिला मारलं. एकदाच नाही, हात दुखेपर्यंत मारलं, आणि मोरीत ढकलून बाहेरून कडी लावली. ती आतून ओरडत होती आणि मी फाटलेली पानं जुळवत बसले होते. आई आली, तिने कडी काढली, धाकटीला बाहेर घेतलं. मीच म्हणाले, “तिला गावाला पाठव ना. ती नसली की घरात बरं वाटेल.”

धाकटीला कडेवर घेऊन आईने सवयीने डब्यातला एक तुकडा तिच्या हातावर ठेवला.

जूनमध्ये बाबा तिला मालवणजवळच्या आमच्या गावी आजीकडे ठेवून आले. आजी म्हणजे बाबांची आई. तिथल्याच शाळेत नाव घातलं. महिन्याभराने आजीने शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं, की मुलगी छान आहे, पेज-भात जेवते, शाळेत जाते, पित्त एकदाही उठलं नाही. आईने ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. तिला आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यावर नीट आला नाही. “तिथली हवा चांगली,” बाबा म्हणाले. आई नुसती हो म्हणाली.

वर्षभर अशीच पत्रं येत राहिली. माझी परीक्षा झाली आणि मे महिन्यात आई आणि मी एसटीने गावाला गेलो. आईने जायच्या आधी पंधरा दिवस डब्यात हात घालू दिला नव्हता. निवडून निवडून केशरी तुकडे वेगळे काढले होते. पोचलो तेव्हा धाकटी पडवीत चिंचोके मांडून एकटीच खेळत होती. ती अशी शांत बसलेली मी भांडुपला कित्येक महिने पाहिली नव्हती. आईने तिला उचललं, तिचा मुका घेतला आणि पुरचुंडी सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून तिच्या पोटावर गांध्या उठल्या. तिसऱ्या दिवशी तिने आजीच्या हाताचा चावा घेतला, ताट फेकलं, अंगणात लोळण घेतली. आजी घाबरली. वर्षभरात तिने हे पाहिलंच नव्हतं. तिचा स्वभाव वाईट नव्हता, पण तिला जे दिसलं ते ती बोलली: “तू इलंस आणि तिका ह्यां झाला. चेडू हंय बरां आसा. ऱ्हवांदे हंयच.”

तू आलीस आणि तिला हे झालं, पोर इथेच बरी आहे, इथेच राहू दे, असं ती आईला सांगत होती. आम्ही दहा दिवस राहणार होतो, चौथ्या दिवशीच निघालो. उरलेल्या गोळ्या आईने धाकटीच्या उशाशी ठेवल्या होत्या. एसटीत आई म्हणाली, “माझ्याजवळच तिला हे होतं. माझ्याच हाताला काहीतरी आहे.” मी म्हणाले, असं काही नसतं. पण मलाही दुसरं कारण सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरातली ती शांतता मला आवडायला लागली होती.

त्या पावसाळ्यात आईच्या हातांना पुरळ आलं. बोटांमधली कातडी सोलायला लागली, म्हणून मी तिला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर नवीन होते, तरुण. त्यांनी आईला काय काम करता विचारलं. ती म्हणाली, गोळ्यांचं पॅकिंग. रंगाच्या पावडरीला हात लागतो का? लागतो. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, घरात लहान मुलं आहेत का, ती या गोळ्या खातात का, त्यांना काही त्रास?

आईने सगळं सांगितलं. पित्त, चावणं, झोप, गावची शांतता, मे महिना. मध्ये मध्ये मीही सांगत होते. बाहेर रांग होती तरी डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की काही मुलांना हे रंग सोसत नाहीत. सगळ्यांना नाही, काहींनाच. कोणाला पित्त उठतं, कोणी फार चिडखोर होतं. खात्रीने सांगता येत नाही, पण रंगाचं सगळं बंद करून बघायचं. गोळ्या, सरबत, जिलबी, रंगीत औषधसुद्धा.

“म्हणजे मीच दिलं तिला,” आई म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला माहीत नव्हतं.”

घरी येऊन आईने डबा खाली काढला, गटारात रिकामा केला आणि राखेने घासला. वास जाईना, म्हणून पुन्हा घासला. मी तिच्या हातातून घ्यायला गेले, तिने घेऊ दिला नाही. बोटं सोललेली होती, राख झोंबत असणार. संध्याकाळी चाळीतली पोरं दारात आली तेव्हा तिने गोळ्या नाहीत म्हणून सांगितलं. पुढे रोजच सांगितलं. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, हिला आता गर्व झालाय. काम मात्र तिला सोडता आलं नाही. तिने मुकादमाला रंगाबद्दल विचारलं, तो म्हणाला, सगळे टाकतात, आपण काय वेगळं टाकतो. हाताला फडकं बांधून ती पुढेही तेच कागद गुंडाळत राहिली. एकदा मला म्हणाली, “कोणाची तरी पोर असेल ना गं अशी. मार खात असेल.” मी मान खाली घातली. मोरीच्या कडीचा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही, त्या एका वाक्याखेरीज.

दिवाळीला आम्ही तिघं धाकटीला आणायला गेलो. आईने बरोबर गूळ-खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या, घरी केलेल्या, रंग न घातलेल्या. धाकटीने त्या खाल्ल्या, चार दिवस गेले, पण अंगावर काही उठलं नाही. आई रोज सकाळी तिचा फ्रॉक वर करून पोट बघायची. पाचव्या दिवशी बघून झाल्यावर ती पडवीच्या खांबाला टेकून रडली. बाबांनी आजीला डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगितलं. आजी म्हणाली, होय असेल.

निघायच्या आदल्या दिवशी परसातून धाकटीची हाक आली, “गे आये!” आई भाजी चिरत होती. ती विळी सोडून “आले गं” म्हणत धावली. परसात धाकटी पायात काटा घेऊन उभी होती. आईला बघून तिने पाय मागे घेतला आणि आईच्या खांद्यावरून पलीकडे बघत पुन्हा तीच हाक मारली. तिची आये म्हणजे आजी होती. काटा आजीने काढला, आई हातात तांब्या धरून शेजारी उभी राहिली.

“माका मुंबैक जावचा नाय,” धाकटी त्या संध्याकाळी म्हणाली. शाळेचं वर्षही मध्येच होतं. बाबांनी ठरवलं, मे महिन्यात नेऊ. मे महिन्यात नेलीही. ती अकरा दिवस राहिली. चावली नाही, काही फेकलं नाही, खाजवलं नाही, नुसती जेवेना. आजीच्या नावाने मुसमुसत बसायची. बाराव्या दिवशी आईनेच तिचे कपडे पिशवीत भरले आणि बाबांना म्हणाली, “सोडून या. आणखी किती छळायचं तिला?”

पुढे ती तिथेच शिकली. दर सुट्टीत मुंबईला यायची, हळूहळू हसायला-बोलायला लागली, माझ्याशी तर चांगलीच गट्टी झाली. तब्येत ठणठणीत होती. नऊ-दहा वर्षांची असताना एकदा आली होती, तेव्हाचं आठवतं. बाहेर खेळून घामाघूम होऊन आली, माठापाशी उभी राहिली आणि आईला विचारलं, “पाणी घेऊ?”

“घरचंच आहे गं. विचारतेस काय?” आई म्हणाली.

ती हो म्हणाली आणि पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशीही तिने विचारूनच घेतलं.