हरीदादाची पन्नास पावलं

हरीदादाने स्वतःच्या बायकोला रांगेच्या शेवटी उभं केलेलं मी पाहिलं आहे. डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीखालच्या चौकात शेअर रिक्षांचा स्टँड होता आणि साठीचा हरीदादा तिथला प्रमुख. त्याची बायको एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन आली ती थेट पुढच्या रिक्षात बसायला निघाली. हा ओरडला नाही. खांद्यावरचा पंचा हातात घेऊन त्याने नुसतं मागे बोट दाखवलं. "वळख घरी. इथं लाईन." ती पुटपुटत मागे गेली आणि मी मनातून खूश झाले, कारण रांगेत माझा नंबर तिसरा होता.

पण हाच स्टँड चौकाच्या गळ्याशी आला होता. रिक्षा वळणावरच दोन-दोन रांगांत उभ्या राहायच्या. बस वळायला आली की अडकायची, तिच्यामागे शाळेच्या गाड्या, टेम्पो, सगळेच. सकाळी हॉर्नच्या आवाजात घरात एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागे. मी शिक्षिका, अर्ज लिहायची हौस दांडगी. "स्टँड कायमचा हटवावा" असा कडक अर्ज लिहिला, सोसायट्यांच्या सह्या घेतल्या आणि वाहतूक शाखेत देऊन आले.

तिथले साहेब पाहणीला आले तेव्हा हरीदादा त्यांच्यासमोर उभा राहिला. "साहेब, स्टँड उठवलात तर ही पोरंबाळंवाली माणसं जातील कुठं? दुसऱ्या स्टँडवर शेवटचा नंबर भेटंल. आमी पन्नास पावलं आत गल्लीत जातो. कोपरा मोकळा ठेवतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमी शिकलेल्या. माणूस पन्नास पावलं चालंल का नाय?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं.

साहेबांनी आठ दिवस दिले. कोपऱ्यावर पुन्हा प्रवासी भरताना दिसले तर स्टँड बंद.

पहिल्या दिवशी गल्लीत जायला कुणी तयार होईना. आपण आत गेलो आणि मागच्याने कोपऱ्यावर प्रवासी भरले तर, ही प्रत्येकाची धास्ती. हरीदादाने स्वतःची रिकामी रिक्षा आत नेऊन लावली, तेव्हा कुठे बाकीचे हलले. नंतरचे दिवस तो धंदा सोडून कोपऱ्यावरच उभा होता. "पुढं चला ताई. जरासंच हाय. चला काका." लोक कुरकुरत, त्याला चार शब्द सुनावत, पण जात. चौथ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं, बस न थांबता वळून गेली. त्या सकाळी मला स्वयंपाकघरातून हॉलमधल्या पंख्याची कुरकुर ऐकू आली.

आठव्या दिवशी माझी परीक्षेची ड्युटी होती आणि घरातून निघायलाच उशीर झालेला. कोपऱ्यावर आले, समोरून सुनीलची रिकामी रिक्षा येत होती. मी हात केला. सुनील माझ्या ओळखीचा. तो थांबला, पण चाचरला. "मॅडम, आत या ना. दादा बघतोय."

"एका दिवसाने काय होतंय? चल." मी बसले. मी बसलेली पाहून आणखी दोघं चढले.

हरीदादा धावत आला आणि त्याने रिक्षाचा दांडा धरला. "मॅडम, उतरा."

"दादा, परीक्षा आहे. मुलं खोळंबलीत."

त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. साहेब मोटरसायकलवर बसून इकडेच बघत होते. "पाया पडतो, उतरा."

माझ्या शेजारचा प्रवासी चडफडला. मी घड्याळाकडे पाहिलं. हरीदादाकडे पाहायचं मी टाळलं आणि म्हणाले, "आजच्या दिवस जाऊ द्या."

त्याने हात काढून घेतला. मागे वळून पाहिलं तर आमच्यामागे आणखी एक रिक्षा कोपऱ्यावर थांबली होती, आणि गल्लीतली रांग मोडून सगळे बाहेर येत होते. मी वेळेवर पोचले. पेपर दहा मिनिटं उशिरा सुरू झाला.

संध्याकाळी परतले तर स्टँडची पाटी काढलेली होती.

चौक मोकळा झाला. सोसायटीच्या गणपतीत माझा सत्कार झाला, "मॅडमनी चौक सोडवला" म्हणून. शाल मी घेतली. नको म्हणायचं धैर्य मला झालं नाही. रिक्षावाले पांगले. हरीदादाने या वयात दुसऱ्या स्टँडवर शेवटचा नंबर घेतला. त्याला भेटून माफी मागायची असं मी दर रविवारी ठरवायचे.

गेल्या महिन्यात सुनीलच्या रिक्षात बसले, तेव्हा त्याने सांगितलं की दादा गेला. पंधरा दिवस झाले होते. मग तो म्हणाला, "त्या दिवशी साहेबांनी विचारलेलं, पहिलं पॅसेंजर कोण होतं. त्यांना पलीकडनं तोंड दिसलं नव्हतं. मी दादाला बोललो, सांग ना, अर्जवाल्या मॅडमच होत्या. साहेब आपल्याला अजून आठ दिवस देतील. तर दादा साहेबांना बोलला, होती कुणीतरी बाई, घाईत होती."

"का पण?"

"मी पण तेच विचारलं. बोलला, आपण जाऊ कुठंपण. त्यांना रोज याच चौकातनं जायचंय."