आधी बोट, मग बुद्ध

"आधी बोट, मग बुद्ध." कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहात मी पाहुण्यांना माहिती सांगायला तोंड उघडलं, की मागून हे वाक्य यायचंच. वळून पाहावं तर बाई दारात उभ्या. मनगट डोळ्यांशी नेलेलं आणि एक पाय आधीच पायरीवर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हिवाळ्यात परदेशी प्रवाशांच्या मोठ्या बोटी बॅलार्ड पिअरला लागायच्या. आमची फोर्टातली छोटी कंपनी त्या प्रवाशांना दोन बसमधून बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली लेणी दाखवून त्याच दिवशी गोदीत परत आणायची. पुढच्या बसमध्ये बाई, मागच्या बसमध्ये मी. बोट तिच्या वेळेला सुटणार, कुणासाठी थांबणार नाही. मागे राहिलेल्या गोऱ्या माणसाचं काय करायचं, हे आमच्या साहेबालाही ठाऊक नव्हतं.

बाईंना ऑफिसात सगळे बाईच म्हणत. चाळिशीच्या, सडपातळ, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. एका जागी उभ्या राहतील तर शपथ. माणसं मोजायचा तर त्यांना नादच होता. बसमध्ये चढताना मोज, लेण्यात शिरताना मोज, बाहेर पडताना पुन्हा मोज. एकदा माकडानं एका मडमेची टोपी पळवली. सगळे पोट धरून हसत होते आणि बाई डोकी मोजत होत्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. उशीर आपल्याला होत असतो आणि जीव त्याचा वरखाली होत असतो.

गंमत म्हणजे बाई राहायच्या बोरिवलीलाच, पार्काच्या फाटकाजवळच्या गल्लीत. पहाटे उठून गोदीत यायचं, पाहुण्यांना घेऊन आपल्याच गल्लीवरून पार्कात जायचं, त्यांना गोदीत सोडायचं आणि पुन्हा बोरिवली. मी म्हणायचो, "बाई, तुम्ही फाटकावरच थांबा ना. आम्ही आणतो पाहुणे."

"आणि वाटेत माणसं सांडलीस म्हणजे?"

फाटकाच्या वळणावर एक म्हातारा उभा असायचा. काळी टोपी, जुना कोट आणि बस दिसली की कडक सलाम. पाहुणे खूश होऊन फोटो काढायचे. त्यांना वाटायचं, हा पार्कानंच ठेवलेला माणूस. ते बाईंचे वडील. मालवणकडचे, सगळा जन्म गिरणीत गेलेला. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच, आणि वडिलांना अधूनमधून चक्कर यायची. घरी फोन नव्हता. तेव्हा कुणाच्या घरी होता? झोपलेल्या बापाला एकटं ठेवून पहाटे निघालेल्या मुलीला तो सलाम म्हणजे खुशालीचा निरोप होता. तो मिळाला की बाई जरा सैल व्हायच्या.

"पाहुण्यांना सांगा की, हे माझे वडील म्हणून," मी एकदा म्हटलं.

"सांगितलं तर उतरून गप्पा मारत बसतील."

एका खेपेला वळणावर कुणीच नव्हतं.

मागच्या बसमधून मला बाईंचं डोकं खिडकीबाहेर आलेलं दिसलं. वर लेण्यांपाशी त्यांनी माणसं मोजली, चुकल्या, पुन्हा मोजली. मी चैत्यगृहात बोलतच राहिलो, मागून कुणी टोकलं नाही. बाहेर आलो तर बाई पायरीवर उभ्या राहून खाली झाडांकडे बघत होत्या. तिथून त्यांचं घर काय दिसणार?

"बाई, तुम्ही जा घरी. मी दोन्ही गाड्या नेतो."

"एखादा मागे राहिला तर?"

"नाही राहणार."

"कामावर आहे रे मी," असं म्हणून त्या पुन्हा मोजायला लागल्या. मला त्यांचा राग आला. बाप कुठे पडला असेल देव जाणे, आणि ही बाई गोरी डोकी मोजतेय.

परतताना वळण तसंच रिकामं. पुढची बस हायवेकडे वळली, जराशी पुढे गेली आणि थांबली. वाटेत बस थांबवायची नाही, हा नियम बाईंचाच. त्या उतरून माझ्या बसपाशी आल्या, दारावर थाप मारली.

"दोन्हीकडची माणसं बरोबर आहेत. तरी तू पुन्हा मोज. होईल ना रे तुझ्याच्यानं?"

उत्तराला थांबल्या नाहीत. निऱ्या मुठीत धरून गल्लीत धावत सुटल्या.

बोट सुटलेली डोळ्यांनी बघितली आणि मी तडक बोरिवली गाठली. म्हातारबुवा खाटेवर, डोक्याला पट्टी. सकाळी मोरीत चक्कर येऊन पडले होते. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेऊन आणलं होतं. बाई उशाशी त्यांचा हात धरून बसल्या होत्या. मला बघून म्हाताऱ्यानं पहिलं काय विचारावं?

"बोट गेली मां येळार?"

"गेली, अगदी वेळेवर. सगळ्यांना घेऊन गेली."

म्हातारा मुलीकडे वळला. "बघ गो. तुज्याशिवाय गेली."

बाई हसल्या आणि हसता हसताच त्यांना रडू कोसळलं.

पुढच्या बोटीला त्या आल्या नाहीत. वडिलांना आता एकटं ठेवायचं नाही, एवढंच त्यांनी साहेबाला कळवलं आणि घराजवळच्या बालवाडीत काम धरलं. पुढची बस माझ्याकडे आली. पूर्वी बोट सुटली की बाई स्टेशनकडे धावायच्या आणि त्यांच्यामागे मीही. माझी घरी कुणी वाट बघत नव्हतं, तरी धावायचो. आता बोट दिसेनाशी होईपर्यंत मी धक्क्यावर उभा राहू लागलो. घाई कसलीच नव्हती, पण बाईंवाचून करमत नव्हतं.