मावशीचा गोरा हात

कुठल्याही नव्या वस्तूला सरकारने शिक्का मारला आणि शहराने ती डोक्यावर घेतली, तरी आमच्या धसईच्या मावशीने पसंत केल्याशिवाय ती पास झाली असं मी मानत नाही. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. घरात मिक्सर आला तेव्हा तिने पाट्यावरची एक आणि मिक्सरमधली एक अशा दोन चटण्या वाटल्या आणि शेजारणींना डोळे मिटून चाखायला लावल्या. मिक्सर हरला; तो आजतागायत फडक्यात गुंडाळून माळ्यावर बसला आहे. टॉर्च मात्र पहिल्याच दिवशी पास झाली. कारण विचारलं तर म्हणाली, "ती गप ऱ्हाते आन् काम करते. मानसांना जमत नाय ते."

अशा या बाईचा उजवा हात तीन वर्षांपूर्वी मळणीच्या यंत्रात कोपराखालून गेला. ती रडली एकदाच, डाव्या हाताने भाकरी थापता येईना तेव्हा. मग डोळे पुसून तिने सुनेला भाकरी थापायला बसवलं आणि स्वतः समोर बसून तिच्या चुका काढू लागली. मी शहापूरला एका केंद्रात कृत्रिम हातपाय बसवायचं काम करतो. बॅटरीवर चालणारा पहिला हात आमच्याकडे आला तेव्हा मी हट्टाने तो मावशीलाच मिळवून दिला. कोपराखाली उरलेल्या भागाचे स्नायू आवळले की बोटं मिटतात, सैल सोडले की उघडतात. मावशीने तो उलटसुलट करून पाहिला. वरची रबरी कातडी पिठासारखी गोरी, आणि मावशी उन्हात रापलेली. "कुठल्या बाईचा रे हा? तिला म्हायताय का?" एवढंच तिने विचारलं.

पहिल्या आठवड्यात ती तो घालून धसईच्या बाजारात भाजी विकायला बसली. गावच्या निवृत्त गुरुजींना तिने दुधी दिला, पण घाम आला की आतल्या यंत्राचा गोंधळ होतो, आणि हात दुधी सोडेना. गुरुजी ओढतायत, मावशी ओढतेय, भोवती अर्धा बाजार.
"अगो, सोड की!"
"मी कवाच सोडला, गुरुजी! ह्यो सोडत नाय!"
शेवटी दुधीच मोडला. अर्धा गुरुजींकडे गेला, अर्धा हाताने ठेवून घेतला. मी समजूत घातली, "मावशी, सवय लागेल." ती म्हणाली, "सवय मला लावायची, का त्याला?" त्यात पाणी लागू द्यायचं नाही, चिखल लागू द्यायचा नाही, रोज चार्ज करायचा, आणि आमच्याकडे लाइट कधी येते ते लाइटलाच ठाऊक. आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावताना, हात कपाटात झोपला तो झोपलाच.

इथे माझी चूक झाली. केंद्राच्या कागदावर मी ‘नियमित वापर’ असं लिहून टाकलं. आमच्याकडचा तो पहिलाच हात. तो कपाटात पडलाय असं लिहायला माझाच हात धजेना. आणि एक दिवस हात बनवणाऱ्या कंपनीतली एक इंजिनियर मुलगी मावशीला पाहायला थेट धसईला आली. मी घामाघूम. मावशीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली आणि हात घालून बाहेर आली. "रोज घालते गो," तिने बिनदिक्कत सांगितलं आणि बोटं दोनदा मिटून दाखवली. माझी नोकरी वाचावी म्हणून, जन्मात वस्तूबद्दल खोटं न बोललेली माझी मावशी खोटं बोलत होती. मला ते बघवेना. "ती घालत नाही. मी खोटं लिहिलं," मी म्हणालो.

ती मुलगी रागावली नाही. तिने मावशीला विचारलं, "आजी, मग हाताने तुम्हाला काय काय करायचंय?"
"हे कुनी इचारलंच नव्हतं," मावशी म्हणाली आणि तिला थेट शेतावर घेऊन गेली. दुपारपर्यंत ती मुलगी गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होती आणि मावशी बांधावरून तिच्या चुका काढत होती. दोन महिन्यांनी एक साधा लोखंडी आकडा आला. बॅटरी नाही, कातडी नाही, चिखलातून काढून बादलीत खळबळला की झालं. त्याने मावशी विळा धरते, भारा ओढते, टोपली उचलते.

गोरा हात परत न्यायला गेलो, तर मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे जरा." गेल्या थंडीत तिची लेक बाळंतपणाला आली. बारशाच्या दिवशी मावशीने आपणहून तो हात घातला, नव्या लुगड्यावर बांगड्यासुद्धा चढवल्या, आणि त्या बोटांनी नातीच्या गालाला हळूच स्पर्श केला. नात दचकून रडायला लागली.
"गार लागला तिला," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ह्याला थोडी ऊब देता येते का रे?"
"नाही येत, मावशी. अजून तरी नाही."
तिने मान हलवली. हात काढून उशीशी ठेवला, पदर सारला आणि कोपराखालचा आपला उघडा, आखूड हात नातीच्या गालाशी नेला. नात हुंदके देत झोपी गेली, आणि झोपेतच तो मुठीत धरायला बघू लागली.